मुद्दा क्रमांक सात: निरंक

तपासणीच्या मॅडम येऊन गेल्या त्याला तेरा दिवस झाले होते आणि उत्तर पंधरा दिवसांच्या आत द्यायचं होतं. मंद्रूपकरांच्या घरच्या रीतीप्रमाणे पहिले बारा दिवस या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. तेराव्याला मात्र सगळे जमले.

जुळे सोलापुरातल्या त्या घराचा पुढचा हॉल म्हणजे गेली नऊ वर्षं प्रभाताईंचं पाळणाघर. सोमवार ते शनिवार तिथे चौदा मुलं रडत, खात, झोपत आणि एकमेकांना चावत. रविवारी तिथे घरची माणसं बसत आणि चावणं सोडलं तर बाकी सगळं तसंच चाले. आज सतरंजीच्या मधोमध शरच्चंद्र मांडी घालून बसले होते. समोर तपासणीचं पत्र, उजवीकडे रेघांची नवी वही, डावीकडे दोन पेनं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी उत्तर मागणारं पत्र यावं, याहून मोठं भाग्य नाही. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज कुणी पाहिलं नव्हतं. पाळणाघर बायकोचं आहे ही बारीकशी गोष्ट त्यांनी केव्हाच बाजूला सारली होती.

"मुद्देनिहाय जाऊ," ते म्हणाले. "एकूण नऊ."

त्यांचा मुलगा हृषीकेश लॅपटॉप मांडीवर घेऊन भिंतीला टेकला होता. पुण्याच्या कंपनीचं काम तो वरच्या खोलीतून करायचा आणि एरवी खालच्या मजल्यावर जेवणापुरता उतरायचा. आज उतरायला कारण होतं. विजापूर रस्त्यावरच्या एका खासगी हॉस्पिटलाने आपल्या नर्सबाईंची वीस मुलं इथे ठेवायची तयारी दाखवली होती, फक्त नोंदणीचं प्रमाणपत्र हवं होतं. नोंदणी झाली नाही तर वीस सोडाच, आहेत ती चौदा मुलंही ठेवता येणार नाहीत, हे मॅडमनी जाताना स्पष्ट सांगितलं होतं. हृषीकेशने पाळणाघराचं नाव इंग्रजीत करून बोधचिन्हही काढून ठेवलं होतं. त्यात हत्ती होता. चौदापैकी तीन मुलांचीही नावं त्याला सांगता आली नसती, पण हत्ती त्याने सहा रंगांत करून पाहिला होता.

पहिले मुद्दे भराभर सुटले. आग विझवायचं नळकांडं ऑनलाइन मागवलेलं होतं. दुसरी शिफारस पाण्याची टाकी दर आठवड्याला धुण्याची. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि आलेलं पाणी टाकी धुण्यात घालवायची हिंमत कुणाची होत नाही, हे मॅडमनाही ठाऊक होतं, त्या इथल्याच. पण छापील कागदाला ते ठाऊक नव्हतं. शरच्चंद्रांनी 'पाणीपुरवठ्याच्या अधीन राहून पूर्तता करण्यात येईल' असं लिहिलं आणि स्वतःच्याच वाक्याकडे क्षणभर कौतुकाने पाहिलं. तिसरी शिफारस अशी की तीन वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे देऊ नयेत. म्हणजे दही-भाकरीतली शेंगाचटणी बंद. मग अख्ख्या सोलापूरलाच नोटीस काढा म्हणावं, असं ते पुटपुटले, पण लिहिलं 'मान्य'.

चौथ्या मुद्द्यापाशी गाडी अडली. घरात राहणाऱ्या सर्व प्रौढांची पोलीस पडताळणी करून दाखले जोडावेत. ज्या माणसाने हयातभर इतरांचे दाखले तपासले, शिक्के बघितले, परत पाठवले, त्याने आता चौकीत जाऊन आपण सज्जन असल्याचा कागद आणायचा. सून निवेदिता सहकारी बँकेत होती. तिने समजावलं की पोलीस फक्त फोटो आणि आधार मागतात, मी दिलंय बँकेत, पाच मिनिटांचं काम आहे.

"पण मी मुलांना काय करणार आहे?" शरच्चंद्रांनी विचारलं.

प्रभाताई कोपऱ्यात गवार मोडत होत्या, त्यांचा हात तेवढा थांबला.

पाचवा मुद्दा छताच्या कड्यांना बांधलेल्या झोळ्या काढण्याचा. झोळी एकच होती आणि ती अडीच महिन्यांपूर्वीच काढलेली होती. मॅडमनी रिकामी कडी पाहूनच विचारलं होतं. शरच्चंद्रांनी 'पूर्तता झाली' असं लिहिलं. का झाली ते लिहिलं नाही, कारण ते विचारलेलं नव्हतं. सहावा मुद्दा दोन वर्षांचा अनुभव असलेली मदतनीस पूर्णवेळ नेमण्याचा. ती सध्या नव्हतीच, म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवण्यात आला.

मग सातवा. तो त्यांनी जरा भरभर वाचला. मागील बारा महिन्यांत एकही अपघात घडला नसल्याचे तोंडी सांगण्यात आले, तरी तशी अपघात नोंदवही सादर करावी.

हे तोंडी सांगणारं तोंड त्यांचंच होतं. मॅडमनी प्रश्न प्रभाताईंना विचारला होता. त्या तोंड उघडेपर्यंत यांचं 'नाही' सांगून झालं होतं. नोंदवहीही त्यांनी आज सकाळीच तयार करून ठेवली होती. बारा महिने, तारखांचे रकाने, मुलाचं नाव, काय घडलं, कारण, केलेली कार्यवाही, आणि प्रत्येक ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: निरंक. एका बैठकीत लिहिल्याचं दिसू नये म्हणून मध्ये पेन बदललं होतं. दिवाळीत निरंक, गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत निरंक, झाडून सगळ्या रविवारी निरंक. ज्या दिवशी घरात एकही मूल नव्हतं त्या दिवशीही कुणी पडलं नाही, याची त्यांनी लेखी खात्री दिली होती.

"सही कर," ते म्हणाले आणि वही बायकोपुढे सरकवली. पत्राच्या तळाशी एक ओळ होती की माहिती खोटी आढळल्यास नोंदणी रद्द होईल व त्यास अर्जदार जबाबदार राहील. अर्जदार प्रभाताई होत्या.

"गवार होऊ दे," प्रभाताई म्हणाल्या.

*

गवार झाली होती. प्रभाताई मोडलेल्या शेंगा पुन्हा मोडत होत्या.

वहीतल्या त्या निरंकांपैकी एका तारखेला, एकोणीस जानेवारीला, दुपारी अडीचच्या सुमाराला नळाला अवेळी पाणी आलं. अशा वेळी सोलापुरातलं माणूस हातातलं काम टाकून पळतं, मग ते काम दीड वर्षाचं का असेना. प्रभाताई आणि त्यांची मदतनीस रत्नम्मा मागच्या अंगणात पिंपं भरायला धावल्या. जाताना प्रभाताई नवऱ्याला म्हणाल्या, जरा लक्ष ठेवा. तेरा मुलं गाद्यांवर झोपली होती. चौदावा ऋतुराज झोळीत होता आणि जागा होता.

रत्नम्मा पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरची. तुटल्या सुताला गाठ मारायला सातव्या वर्षी शिकलेली. तिने बांधलेली झोळी सोडवायला तिलाच बोलवावं लागे. त्या दिवशी झोळी एका अंगाला किंचित कलली होती आणि ते शरच्चंद्रांच्या डोळ्यांना खुपलं. कॅलेंडर, फोटो, माणूस, घरात काहीही वाकडं दिसलं की ते सरळ करायचे. त्यांनी मुलाला उचलून खाली ठेवलं, नखं दुखवून रत्नम्माची गाठ सोडवली, झोळीची साडी समतल केली आणि पुन्हा बांधली. त्यांना गाठ एकच येत होती, कचेरीतल्या फायलींच्या बस्त्याची. दोन फासे काढायचे आणि एक टोक लोंबतं ठेवायचं. ते ओढलं की सगळं मोकळं. साहेबांनी मागितल्याबरोबर फाइल उघडता आली पाहिजे, म्हणून चौतीस वर्षं बांधलेली गाठ. मग मुलाला आत ठेवून ते बातम्या बघायला आतल्या खोलीत गेले. ऋतुराजने टोक ओढायला साहेबांइतका वेळही लावला नाही.

हनुवटीला दोन टाके पडले.

धावत आलेल्या प्रभाताईंनी आधी मूल उचललं आणि मग कडीकडे पाहिलं. साडीचं टोक अजून कडीत लटकत होतं आणि त्यावर फाशाच्या चुण्या होत्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, घरातल्या प्रत्येक पुडक्यावर त्यांनी तो फासा पाहिला होता. शेजारी उभी रत्नम्माही तिकडेच बघत होती. ती एवढंच म्हणाली की ही माझी गाठ न्हाय. तोवर शरच्चंद्र सांगू लागले होते की बांधणं सैल असावं, आणि झोळी रोज कोण बांधतं हे सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी ऋतुराजच्या आईला, रेश्माला, तेच सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी रत्नम्माला उद्यापासून येऊ नको असं सांगण्यात आलं. ते सांगण्याचं काम प्रभाताईंनी केलं.

त्यांना लाज वाटली होती. रेश्मासमोर नवऱ्याला खोटं पाडणं त्यांच्या जिवावर आलं, दुसऱ्या दिवशी उशीर झाला असं वाटलं आणि तिसऱ्या दिवसापासून त्या गप्प बसण्याची घराला सवय झाली. रोज दुपारी त्या रिकाम्या कडीखाली बसून मुलांना थोपटत आणि रोज त्यांना रत्नम्मा आठवे. मॅडमसमोर नवऱ्याने 'नाही' म्हटलं तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला होता. तो तेरा दिवसांत कमी झाला नव्हता.

"मी यावर सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्रांनी चष्मा काढला. कचेरीत हाताखालच्या माणसाला समजावताना ते असाच काढत. अपघात म्हणजे काय, याची व्याख्या पत्रात दिलेली नाही, असं ते म्हणाले. दोन टाके म्हणजे किरकोळ. किरकोळ बाबी नोंदवायच्या ठरवल्या तर रोज एक वही लागेल. हृषीकेशनेही आईला सांगितलं की तू भावनेच्या भरात विचार करू नकोस, वीस मुलांचा प्रश्न आहे.

"रेश्मा त्याच हॉस्पिटलात नर्स आहे," प्रभाताई म्हणाल्या. "तिच्या पोराची हनुवटी तिने पाहिली असेल की."

हृषीकेशच्या हे लक्षात आलं नव्हतं. हत्तीला सातवा रंग द्यावा तसा त्याने क्षणभर विचार केला आणि मग त्याला खरोखरच एक युक्ती सुचली. अपघात लपवायचाच कशाला, तो म्हणाला, उलट दाखवायचा. काय घडलं, मूल पडलं. कारण, मदतनीस महिलेचा निष्काळजीपणा. कार्यवाही, तिला तत्काळ कामावरून कमी केलं. आपण किती दक्ष आहोत ते आपोआप दिसतं.

शरच्चंद्रांचा चेहरा उजळला. मुलगा इंजिनिअर झाला, पुण्याच्या कंपनीत लागला, घर बांधायला त्याने हातभार लावला, पण हा आपला मुलगा आहे असं त्यांना आजच्याइतकं कधी वाटलं नव्हतं. सरकारला अपघात चालतो, त्यावर कार्यवाही नसेल तर चालत नाही, हे त्याला कुणी न शिकवता कळलं होतं. त्यांनी जानेवारीचं पान काढलं, एकोणीस तारखेचं निरंक एका रेघेने खोडलं, बाजूला आद्याक्षरं घातली आणि लिहायला घेतलं.

"अहो, तिचं नाव लिहू नका," प्रभाताई म्हणाल्या.

नाव लिहिलंच पाहिजे, नाहीतर कार्यवाही कुणावर केली ते कसं कळणार, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं.

*

निवेदिता इतका वेळ कुणाच्याच बाजूने बोलली नव्हती. या घरात आल्यापासून सहा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. सासू-सासऱ्यांच्या मध्ये पडलं की दोघं एक होतात आणि मधलं माणूस एकटं उरतं. त्या जानेवारीच्या दुपारी ती बँकेत होती. गाठीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण सासरे झोळीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात, एवढं पाहायला बँकेतून लवकर यावं लागत नाही.

तिचा स्वार्थ साधा होता. रत्नम्मा गेल्यापासून आदल्या दिवशीचे लंगोट सकाळी बँकेत जायच्या आधी ती धूत होती. हृषीकेशने वॉशिंग मशीनचं नवं मॉडेल शोधून देतो असं फेब्रुवारीत सांगितलं होतं आणि तो अजून शोधत होता. म्हणून सहावा मुद्दा वाचल्याबरोबर, आज सकाळीच, कुणाला न विचारता तिने रत्नम्माला फोन केला होता. दोन वर्षांचा अनुभव पत्राला हवा होता, रत्नम्माकडे नऊ वर्षांचा होता. चार वाजता येते, असं ती म्हणाली होती.

चार वाजून गेले होते. दार वाजलं.

रत्नम्मा आत आली, चपला बाहेर ओळीत लावून. बस म्हटलं तर बसली नाही. प्रभाताई तिच्याकडे बघू शकल्या नाहीत, गवारीचं ताट घेऊन उठल्या आणि पुन्हा बसल्या. निवेदिताने चटकन सगळं सांगून टाकलं. मावशी, नोंदणी करतोय, दुसरी बाई लागतेच, उद्यापासून या. हृषीकेश तिच्याकडे बघतच राहिला. ज्या बाईला कामावरून कमी केल्याची दक्षता बाबा आत्ता वहीत उतरवत होते, तिलाच मुद्दा क्रमांक सहामध्ये नेमायला बायकोने बोलावलं होतं. शरच्चंद्रांनी वही हळूच मिटली.

रत्नम्माने ते पाहिलं. अडीच महिने ती नणंदेकडे बसून पुन्हा विड्या वळत होती आणि वळता वळता या हॉलमध्ये उभं राहून काय काय बोलायचं ते तिने मनात तेलुगूत शंभरदा बोलून घेतलं होतं. त्यात शिव्या होत्या, नऊ वर्षांचा हिशेब होता, देवाची शपथ होती. आता त्यातलं एकही मराठीत येईना. हॉलमध्ये दुधाचा आणि पावडरीचा तोच वास होता आणि तिला रडू येईल असं वाटलं. रडायला ती आली नव्हती.

"काम नगं मला लगेच," ती म्हणाली. "ह्या कॉलनीत दोन घरी बाळंतिणीचं मालीश करत होते की मी. दोनी बंद झालं. त्या रेश्माताईनं समद्यास्नी सांगितलं, रत्नम्मा पोरं पाडती म्हणून. म्हाताऱ्या बायका दारातनंच हात जोडत्यात मला."

मग तिने वहीकडे बोट दाखवलं. "त्यात माझं नाव लिवलंय का?"

रत्नम्मा चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेली होती, मराठी तिला बोलायला येत होती, वाचायला नाही. वाचून दाखवा, असं ती शरच्चंद्रांना म्हणाली. हृषीकेश मध्ये पडला की मावशी, ते ऑफिसचं आहे, कच्चं आहे. पण शरच्चंद्रांनी वही उघडली होती. हातात कागद असताना 'वाचा' म्हटल्यावर नकार द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एकोणीस जानेवारीची ओळ वाचायला सुरुवात केली. मुलाचं नाव वाचलं, हनुवटीस किरकोळ दुखापत वाचलं, कारण या रकान्यापर्यंत आवाज ठीक होता. 'मदतनीस महिला रत्नम्मा यांनी' इथपर्यंत ते आले आणि थांबले. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी जणांची नावं अशा रकान्यांत भरली होती. त्यातलं कुणी कधी समोर उभं राहून ऐकत नव्हतं.

"गाठ यांची होती," प्रभाताई म्हणाल्या.

त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, रत्नम्माकडे बघत होत्या. "मी त्याच दिवशी ओळखली. ओळखली आणि गप्प बसले. तुला येऊ नको म्हणून मीच सांगितलं. माझं चुकलं, रत्नम्मा."

"मला ठावं हाय की, बाई," रत्नम्मा म्हणाली. "तुमी कडीकडं बघत होता तवा मी तुमच्याकडं बघत होते."

प्रभाताईंना वाटलं होतं की आपलं गुपित निदान आपल्यापाशी आहे. अडीच महिने ते रत्नम्मापाशीही होतं आणि तिने ते कुठे बोलून दाखवलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदराने पुसले, लपवले नाहीत.

"मला सांगून काय उपेग?" रत्नम्मा पुढे म्हणाली. "मी हितंच होते. त्या पोराच्या आईला सांगा."

*

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला. मग ते म्हणाले की ठीक आहे, रेश्माताईंना लेखी कळवू.

निवेदिताने तोवर फोन लावला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा ती मध्ये पडली आणि पडायचंच तर नीट पडावं म्हणून तिने स्पीकर चालू करून फोन सासऱ्यांच्या हातात दिला. हृषीकेश खुणा करत होता, हॉस्पिटल, हॉस्पिटल. तिने त्याच्याकडे पाठ केली.

रेश्माचा आवाज आला. तिने काका म्हणून हाक मारली आणि उद्या सुट्टी आहे का असं विचारलं. शरच्चंद्र म्हणाले, "दिनांक एकोणीस जानेवारी रोजी," आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. अशा वेळी वापरायची सगळी वाक्यं त्यांना पाठ होती, सदर बाब, अनवधानाने, नजरचुकीने. पण ती लिहायची होती. बोलायची झाली तर ती घशात अडकतात, हे त्यांना अठ्ठावन्न अधिक सात अशा पासष्टाव्या वर्षी कळत होतं.

"रेश्मा, झोळी मी बांधली होती," ते म्हणाले. "रत्नम्माने बांधलेली मी सोडली. मला सरळ करायची होती. मग मी बातम्या बघायला गेलो."

पलीकडे चाललेला टीव्ही बंद झाला. फॅन फिरत होता.

"अडीच महिने मी त्या बाईंना बघून तोंड फिरवतेय काका," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. ती म्हणाली की भाजीवाल्यापाशी त्या समोर आल्या तेव्हा मी मुलाला उचलून दुसऱ्या बाजूने गेले. मग तिने विचारलं, रत्नम्मा आता येणार आहेत का. प्रभाताईंनी रत्नम्माकडे पाहिलं. रत्नम्माने मान हलवली, हो की नाही ते नीट कळेल अशी नव्हे. प्रभाताई फोनकडे वाकून म्हणाल्या, येईल.

"मग उद्या आणते ऋतुराजला. त्या असतील तरच. आणि कॉलनीत मी बोलले होते ते मीच निस्तरते." ती थांबली. "काका, तुम्ही मात्र मुलांजवळ एकटे बसू नका."

फोन बंद झाला. हृषीकेशने लॅपटॉप मिटला. तो म्हणाला की आता हॉस्पिटल विसरा, आणि मॅडमना तोंडी एक सांगितलं नि लेखी दुसरं गेलं तर नोंदणीही विसरा. प्रभाताईंनी ते नाकारलं नाही. तसं होऊ शकतं, त्या म्हणाल्या, तसं झालं तर चौदा आयांना मी स्वतः सांगेन. पण सही माझी आहे, तर वर काय लिहायचं तेही मी सांगणार. आजवर या घरात पत्रं कुणी लिहायची यावर वाद झाला नव्हता. आजही झाला नाही. शरच्चंद्रांनी पेन उघडलं.

त्यांनी कारणाचा रकाना खोडला आणि पुन्हा भरला. खोडाखोड दोनदा झाली, आद्याक्षरं दोनदा घातली. हयातीत त्यांच्या हातून इतका गचाळ कागद कचेरीबाहेर गेला नव्हता. प्रभाताईंनी सांगितलं म्हणून उत्तराच्या पत्रात एक वाक्यही वाढलं, की तपासणीवेळी तोंडी दिलेली माहिती खरी नव्हती. दिली कुणी तेही लिहिलं. मग कार्यवाहीचा रकाना उरला. तो मोकळा ठेवता येत नाही. ते थोडा वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, आणि लिहिलेलं रत्नम्मासाठी मोठ्याने वाचलं.

"श्री. शरच्चंद्र मंद्रूपकर यांस मुलांजवळ एकट्याने थांबण्यास कायमची मनाई करण्यात आली आहे."

"हां," रत्नम्मा म्हणाली. प्रभाताईंनी सही केली. निवेदिता चहा टाकायला उठली, आणि रत्नम्मा आता कुठे भिंतीला टेकून खाली बसली.

रोज संध्याकाळी साडेपाचला, आया न्यायला यायच्या आधी, शरच्चंद्र मुलांना सतरंजीवर ओळीत बसवत आणि एकेकाचं नाव मोठ्याने पुकारत. बोलता येणारी मुलं हजर म्हणून ओरडत, न येणारी हात वर करत, ऋतुराज दुसऱ्यांच्या नावालाही हात वर करी. निवृत्तीनंतर कुणी त्यांना दिलेलं ते एकच काम होतं, आणि तेही कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनीच काढलेलं होतं. त्या वीस मिनिटांत प्रभाताई आत चहा पीत. म्हणजे तेव्हा मुलांजवळ ते एकटेच असत.

त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग घरातल्या कुणाकडे न बघता त्यांनी खाली बसलेल्या बाईला विचारलं.

"रत्नम्मा, हजेरी घेतली तर चालेल का?"

रत्नम्माने जरा विचार केला. तिला घाई नव्हती.

"मी हितं बसलेली असंन तवा घ्या," ती म्हणाली. "मी उठले की तुमी बी उठायचं."

शरच्चंद्रांनी वही पुन्हा उघडली आणि तेही लिहून घेतलं.